बाबांना लावलेलं सलाइन

आमच्या हॉस्पिटलात नव्याने लागलेल्या नर्सना सलाइनचा पहिला वर्ग मी घेते. हे काम मी मागून घेतलेलं नाही. गुडघे बोलायला लागले, वॉर्डातली धावपळ जमेना, तेव्हा ‘मैम, आप तो पढ़ाइए’ म्हणून एक ट्रे आणि एक स्टूल माझ्या वाट्याला आलं. बढती आणि अडगळ यांत फारसं अंतर नसतं, हे मला त्या वेळी कळलं. वर्ग दुपारी दोनला, म्हणजे सकाळची पाळी संपल्यावर. मुली सकाळपासून उभ्या असतात, मी गाझियाबादहून रिक्षा, मेट्रो, पुन्हा रिक्षा असं करत आलेली असते. शिकणाऱ्या आणि शिकवणारी, सगळ्याच जांभया आवरत असतो.

ट्रेमध्ये फार काही नसतं. दंडाला बांधायचा रबरी पट्टा, स्पिरिटचे बोळे, चिकटपट्टी, सलाइनची बाटली, तिला जोडायची नळी आणि तीन-चार रंगांचे कॅन्युला. कॅन्युला म्हणजे सुई नव्हे, हे माझं पहिलं वाक्य. सुई आत जाते ती फक्त वाट दाखवायला. ती बाहेर काढून घ्यायची आणि तिच्यावरची मऊ, बारीक नळी शिरेत ठेवायची. हिरवा जाड, गुलाबी त्याहून बारीक, निळा आणखी बारीक, पिवळा तान्ह्या मुलांचा. नंबर जितका मोठा तितकी नळी बारीक, हे उलटं गणित मुलींना दर वेळी चुकतं. मग बाटलीखालची ती पारदर्शक कुपी, जिच्यात थेंब पडताना दिसतात. ती अर्धी भरायची, म्हणजे थेंब मोजता येतात. खाली नळीवर एक छोटी चाकी असते. ती वर सरकवली की धार वाढते, खाली सरकवली की थांबते. आपल्याकडे याला सलाइन लावणं म्हणतात, इथे दिल्लीत ‘बोतल चढ़ाना’. बाटली कुठे चढते, ती तर वरच टांगलेली असते, असं मी एकदा गमतीने म्हटलं तर एकही मुलगी हसली नाही. त्यानंतर मी गमती करायचं सोडून दिलं.

शेवटी दोन गोष्टी सांगते. सुई लावलेली जागा झाकायची नाही, ती येता-जाता दिसली पाहिजे. आणि पेशंटला ‘ठीक आहे ना’ असं विचारायचं नाही. जळतंय का, तटतटतंय का, मुंग्या येतात का, असं एकेक विचारायचं. हे सांगताना माझा आवाज चढतो, असं मुली आपसांत म्हणतात. माझ्या कानावर आलंय ते. त्यामागचं कारण मी त्यांना सांगितलेलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. बाबा एक्याऐंशीचे. केंद्र सरकारच्या एका खात्यात चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून आमच्याकडे राहत होते. ऑफिसातल्या एका जुन्या मित्राच्या नातीच्या लग्नाला ते हौसेने पानिपतला गेले. परत आले ते पोट बिघडवून. आम्हाला पत्ता लागू दिला नाही. तीन दिवस ‘आज उपास आहे’, ‘आज भूक नाही’ असं चाललं होतं. सोमवारचा उपास मी समजू शकते, पण मंगळवार आणि बुधवारही? मला शंका यायला हवी होती. यजमान पहाटे मानेसरच्या कंपनीच्या बसने जातात ते संध्याकाळी उगवतात, मुलगा बाहेरगावी शिकायला, आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांची विचारपूस करत होते. चौथ्या दिवशी सकाळी बाबा बाथरूमच्या दाराशी खाली बसलेले सापडले. उठता येत नव्हतं. तरी मला म्हणाले, ‘अगं, जरा टेकलोय.’

त्यांना माझ्याच हॉस्पिटलात, चौथ्या मजल्यावर दाखल केलं. मी दुसऱ्या मजल्यावर असते. रक्ततपासणीत पोटॅशियम फार खाली गेलेलं निघालं. ते इतकं खाली गेलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. तोंडाने औषध टिकत नव्हतं, म्हणून सलाइनमधून हळूहळू द्यायचं ठरलं, निदान तीन दिवस. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. बाबांचे हात उलटेपालटे करून बघितले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मैम, नसें बहुत खराब हैं. नहीं टिकी तो नेक लाइन डालनी पड़ेगी.’

म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेत नळी. माझ्या दृष्टीने तो रोजचा प्रकार. पण बाबांनी ऐकलं होतं. त्यांचे कान तिखट, नको ते बरोबर ऐकू येतं. आईला शेवटच्या आठवड्यात मानेतच नळी घातली होती आणि ती तशीच गेली. बाबा तेव्हा तिच्या उशाशी बसून त्या नळीकडे बघत असायचे. डॉक्टर गेल्यावर त्यांनी माझी ओढणी धरली. ‘मानेत नको,’ म्हणाले. ‘हातात काय ते करा. मानेत घातली म्हणजे मी काय समजायचं ते समजेन.’ पोटॅशियममुळे नव्हे, पण त्या भीतीने हा माणूस हातपाय गाळेल, हे मला दिसत होतं. म्हणजे सगळं त्या दोन हातांवर आलं होतं.

वॉर्डातली नर्स केरळची होती. हात हलका, बोलणं त्याहून हलकं. माझ्याच वर्गातून गेलेली. तिने दोन वेळा प्रयत्न केला. जानेवारीची थंडी, बाहेर धुकं नाही तर धूर, आणि अंगात पाणी नाही. अशा वेळी शिरा आत दडून बसतात. दोन्ही वेळा शीर हुकली. आमच्याकडे रीत अशी की एका हाताने दोनदाच टोचायचं, तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणीतरी यायचं. दुसरी एक रीत आहे, ती कुठे लिहिलेली नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या घरच्या माणसाला आपण टोचायचं नाही.

पण बाबा म्हणाले, ‘माझी लेक आहे ना इथे.’ मग शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना हिंदीत, ‘ये सब लड़कियों को मेरी बेटी ही सिखाती है.’ नर्स चटकन बाजूला झाली. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही, कारण चार लोकांत बाबांनी माझं नाव काढलं होतं. आयुष्यात त्यांनी माझं तोंडावर कौतुक असं फारसं केलं नव्हतं. नर्सिंगला जाते म्हटल्यावर ते महिनाभर माझ्याशी धड बोललेही नव्हते. तर मी खाटेवर बसले, गरम पाण्याच्या पिशवीने त्यांचा उजवा हात शेकला, पट्टा बांधला, आणि निळा कॅन्युला मनगटाच्या वर पहिल्याच झटक्यात शिरेत गेला. कॅन्युलाच्या मागच्या टोकाशी रक्ताचा टिपका आला. शेजारचे गृहस्थ ‘वाह’ म्हणाले. बाबांनी सगळ्या वॉर्डाकडे असं बघितलं की जणू मी आत्ताच बोर्डात आले.

त्यांना एक खोड होती. बोलताना हाताला लागेल ते खुडत बसायचे, शर्टचं बटण असो की पेपरचा कोपरा. ते ही सुई उपटून टाकणार म्हणून मी चिकटपट्टीवर चिकटपट्टी मारली. बोटांच्या पेरांपासून मनगटाच्या वरपर्यंत सगळं पांढरं करून टाकलं. एखाद्या नव्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला सगळ्यांसमोर झापलं असतं. वर त्यांना थंडी वाजत होती म्हणून हातावर शाल घातली. अकराच्या सुमाराला पोटॅशियमची बाटली सुरू झाली आणि मी खाली कामाला गेले.

बाराला वर येऊन गेले. ‘बाबा, ठीक आहे ना?’

‘बिल्कुल.’

‘चहा घेतलात?’

‘घेतला. पाणचट होता, पण घेतला.’

मी कुपीतले थेंब मोजले, घड्याळ बघितलं, चाकी केसभर खाली केली, बाटलीवरची चिठ्ठी वाचली. सगळं पाहिलं, हात तेवढा पाहिला नाही. आमच्या घरात ‘ठीक आहे ना’ला ‘बिल्कुल’ याखेरीज उत्तर मी कधी ऐकलेलं नाही. आईने शेवटपर्यंत हेच उत्तर दिलं होतं. मग मी खाली गेले, डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि दोनला वर्गावर गेले. त्या दिवशीही मी ट्रे पुढे ठेवून तेच सांगितलं, की जागा दिसली पाहिजे. माझा आवाज तेव्हा चढत नसे. मी ते पाठ म्हटल्यासारखं सांगत असे.

तीनला वर गेले तर बाबा डोळे मिटून पडले होते. जानेवारीत त्यांच्या कपाळावर घाम होता. मी शाल काढली. बोटं फुगली होती, इतकी की पेरांच्या रेघा दिसेनात. चिकटपट्टी मांसात रुतली होती. ती कापून काढली तेव्हा खालची कातडी पांढरीफटक, चकचकीत आणि गार होती, आणि मधोमध एक फोड. नळी कधीतरी शिरेतून निसटली होती आणि पोटॅशियम रक्तात जायच्या ऐवजी कातडीखाली साठत गेलं होतं. म्हाताऱ्या माणसांची कातडी सैल असते. पाणी निमूट साठत राहतं, वरचे थेंबही थांबत नाहीत.

माझ्या हातांना पुढचं माहीत होतं. चाकी बंद. आत काही ढकलायचं नाही, उलट सिरिंजने जेवढं ओढता येईल तेवढं बाहेर ओढायचं. मग नळी काढायची आणि हात उशीवर उंच ठेवायचा. हे सगळं झाल्यावर मी बाबांकडे पाहिलं.

‘बाबा, दुखत नव्हतं?’

‘थोडं.’

‘थोडं म्हणजे?’

‘म्हणजे तव्याला हात लागल्यावर होतं तसं.’

‘कधीपासून?’

त्यांनी उशीवरच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, ‘तू गेलीस ना पहिल्यांदा, त्याच्यानंतर.’

म्हणजे बाराला मी आले तेव्हा हात पोळत होता. पोळत्या हाताने ते मला चहा पाणचट आहे हे सांगत होते. मी ओरडले. अख्ख्या वॉर्डात, मराठीत, आजारी बापावर ओरडले. ‘तोंड शिवलं होतं का तुमचं? नर्स दहा वेळा येऊन गेली असेल, तिला तरी सांगायचं!’ शेजारचे गृहस्थ भिंतीकडे कुशीवर वळले.

बाबा शांतपणे म्हणाले, ‘तू लावलेली होती ना. सगळ्यांसमोर कसं सांगू, माझ्या मुलीने लावलेली बिघडली म्हणून?’

मला काय वाटलं ते सांगते. लाज वाटली, आणि त्यांचा भयंकर राग आला. मग रागावण्याचीही ताकद उरली नाही. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसले. केरळची नर्स धावत आली होती. हात बघून ती रडायच्या बेताला आली. ‘मैम, अंकल से पूछा था, सब ठीक? बोले, बिल्कुल ठीक, बेटी ने लगाया है. टेप आपने लगाया था, मैं कैसे खोलती?’ माझा मान राखायला तिने चिकटपट्टी उचलली नाही, माझा मान राखायला बाबांनी तोंड उघडलं नाही, आणि मी त्यांना पेशंटसारखं विचारलं नाही, कारण ते माझे बाबा होते. तिघांनी मिळून एक हात भाजला.

झाल्या प्रकाराचा फॉर्म भरावा लागतो. तो मी भरला, सुई कोणी लावली या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. संध्याकाळी सर्जन येऊन हात बघून गेले. कातडी जगते की मरते ते दोन-तीन दिवसांत कळेल, मेली तर मांडीची कातडी काढून लावावी लागेल, असं म्हणाले. तपासणीचा आकडा थोडाच वर आला होता. अजून दोन दिवसांचं पोटॅशियम बाकी होतं आणि उजवा हात गेला होता. डाव्या हाताला कोपराच्या खाली एक शीर बऱ्यापैकी दिसत होती. ती एकच. डॉक्टर म्हणाले, सकाळी तिथे बघू, नाही तर मान. बाबांनी हेही ऐकलं.

घरी गेल्यावर यजमानांनी खिचडी टाकून ठेवली होती. ते म्हणाले, ‘होतं असं, यार. तू काय मुद्दाम केलंस का?’ मला त्यांचा समजूतदारपणाही नकोसा झाला. मी न जेवता झोपले.

सकाळी इन्चार्जने त्याच केरळच्या मुलीला पाठवलं. ट्रे मांडताना तिने चिकटपट्टी दोनदा खाली पाडली, ते मी पाहिलं, बाबांनीही पाहिलं. ते मला म्हणाले, ‘तूच लाव ना.’

‘नाही.’

‘कालचं मनावर घेतलंस? अगं, हात आहे, बरा होईल. तुझ्यासारखी कोणाला जमत नाही. काल पहिल्या झटक्यात लागली होती की नाही?’

‘बाबा, मी लावली की तुम्ही बोलत नाही.’

‘आता बोलेन.’

‘नाही बोलणार.’

त्यांनी डोळे वळवले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि मला त्यांची समजूत घालता येत नव्हती. मी त्या मुलीला म्हटलं, ‘तू कर. आराम से. टेप कम लगाना.’ बाबांची शाल खाटेवरून उचलली, कारण आज कुठलाही हात झाकलेला मला नको होता, आणि पडद्याबाहेर जाऊन उभी राहिले. नर्सच्या नोकरीत मी पडद्याबाहेर नातेवाइकांना उभं करते, तिथे स्वतः कधी उभी राहिले नव्हते. तिथे काहीही दिसत नाही. खालच्या फटीतून फक्त बुटांची टोकं दिसतात.

गरम पाण्याच्या पिशवीचा आवाज आला. पट्टा ताणल्याचा आवाज आला. पहिली सुई हुकली हे मला तिच्या श्वासावरून कळलं. आता एकच संधी होती. तिला आणखी एकदाच टोचता येणार होतं, आणि बाबांच्या डाव्या हाताची ती शेवटची शीर. मी शाल दोन्ही हातांनी पिळत होते. मग ती म्हणाली, ‘मिल गई, अंकल. हिलना मत.’ ती शीर पुढे दोन दिवस टिकली. मानेपर्यंत गोष्ट गेली नाही, आणि उजव्या हाताची कातडीही वाचली. तिथे आता एक गडद डाग तेवढा आहे. पण हे सगळं नंतरचं.

तेव्हा आत बाटली सुरू झाली. तिने एकेक करून विचारलं, मी वर्गात सांगते त्याच क्रमाने. ‘अंकल, जल रहा है? टाइट लग रहा है?’

‘नहीं, नहीं.’

मी डोळे मिटले. मग बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘सिस्टर, मेरी बेटी बाहर खड़ी है क्या?’

पडद्याखालून माझ्या चपला तिला दिसत असणार. तरी ती ‘नहीं अंकल,’ म्हणाली, ‘वो तो नीचे चली गईं.’

‘पक्का?’

‘पक्का.’

‘जल रहा है,’ बाबा म्हणाले. ‘बहुत जल रहा है, बेटा. कलवाला हाथ भी. रात भर जला. धीरे करो ना थोड़ा.’ चाकी सरकल्याचा बारीकसा आवाज आला. ‘अब ठीक?’ तिने विचारलं. ‘थोड़ा ठीक,’ ते म्हणाले, आणि मग त्यांना रडू फुटलं. लहान मूल रडतं तसं, मोठ्याने, मराठीत. ‘आई गं,’ म्हणत होते. ‘आई आई गं.’ त्यांना रडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. आई गेली तेव्हाही ऐकलं नव्हतं.

माझा हात पडद्याला लागला होता. मी तो काढून घेतला. मी आत गेले असते तर ते गप्प झाले असते.